नळी बदलावी की काडतूस?

खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची आपली जुनी रीत. पुजायला घरात शस्त्र नसले म्हणून आपले काही अडत नाही. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, आणि आता तर हातातला मोबाईलसुद्धा पाटावर झेंडूच्या फुलाखाली घटकाभर विसावतो. आमच्या हिंगोलीचा दसरा मोठा नावाजलेला. प्रदर्शन भरते, पाळणे येतात, आणि त्या गर्दीत फुगे फोडण्याच्या बंदुकीचे दुकान हटकून असते. दहा छर्रे मारून दोन फुगे फुटले की गिऱ्हाईक आपल्या नेमाला दोष देऊन पुढे सरकते. दुकानदार मात्र गालातल्या गालात हसतो. कारण त्या नळीचा कल कुठे आहे आणि तिला कुठला छर्रा मानवतो, हे गावात त्याच्या एकट्यालाच ठाऊक असते.

नेम म्हणजे डोळा आणि हात, अशी आपली समजूत. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट नळीची आणि काडतुसाची.

मी शिकवतो मराठी. पण महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचे काम गळ्यात पडल्यामुळे मुलामुलींना .२२ रायफलीच्या गोळीबाराला नेण्याचा योग वर्षानुवर्षे येत गेला, आणि एकदा गोडी लागल्यावर त्या विषयावर मिळेल ते वाचीत आणि जाणत्यांना विचारीत गेलो. त्यामुळे जिल्ह्यात कुणाला या बाबतीत शंका आली की तो माझ्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी असेच वसमतकडचे एक हळदीचे शेतकरी मुलीला घेऊन घरी आले. मुलगी राज्य पातळीवर खेळलेली, पन्नास मीटरची नेमबाज. रायफल जर्मन, पण एका जुन्या खेळाडूने वापरलेली. रीतसर परवान्यावर घेतलेली. गेले सहा महिने तिचे गुण एका जागी अडून बसले होते. कुणी तरी सांगितले होते की नळी झिजली, परदेशाहून खास नवी बनवून आणा.

गृहस्थ म्हणाले, “सर, पोरगी म्हणते नळी बदलायची. खर्च ऐकला तर वर्षाची हळद जाते. आमच्यात पीक कमी आलं तर आम्ही आधी बियाणं बघतो, मग रानाला नावं ठेवतो. तुम्ही सांगा, काय करावं?”

त्यांनी प्रश्नातच निम्मे उत्तर दिले होते. मात्र ते नीट समजायला काडतूस म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला, पिस्तूलही त्यांचेच. बंदूक अरबीतून आली, दारू फारसीतून. त्याआधीची आपली बंदूक ठासणीची. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा आणि बार काढा. त्या काळी प्रत्येक बार हा बंदुकवाल्याच्या हातचा असे. दारू चिमूटभर कमी-जास्त झाली तर दोष त्याचाच. पितळी काडतूस आले आणि हे सारे काम कारखान्याकडे गेले. कधीकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेल्या आमच्या हिंगोलीने हा बदल जवळून पाहिला असणार. पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना १८६९ साली निघाला.

आता हे .२२ काडतूस. अमेरिकेत १८८७ साली ते पहिल्यांदा निघाले आणि आजही जगात ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलीला तेच चालते. गोळी निव्वळ शिशाची, वरून मेणचट वंगण लावलेली, वजन अवघे २.६ ग्रॅम; म्हणजे तोळ्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडे कमीच. व्यास ५.६ मिलिमीटर. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते, तिच्यावर घोडा आपटतो. या छोट्यात तसे नाही. पितळी नळकांड्याच्या कडेला पोकळ घडी असते, तिच्यात स्फोटक मसाला भरलेला असतो, आणि घोड्याची टाच त्या कडेवर बसते. या रचनेमुळे ते स्वस्त पडते, पण एक गोष्ट हातातून जाते. मोठी काडतुसे वापरणारे नेमबाज रिकामी नळकांडी परत भरतात, दारू काट्यावर तोलून घालतात, आपल्या नळीला मानवेल तसा बार घरी तयार करतात. .२२ चे काडतूस एकदा उडाले की उडाले. कारखान्याने जे भरून दिले, तेच घ्यायचे. शिंप्याकडे न जाता तयार सदरा घ्यावा तशातला प्रकार, आणि अंगाला नेमका बसणारा सदरा शोधायचा.

दिवाळीच्या दिवसांत चकलीचा दाखला देण्याची सवलत मला असावी. भाजणी तीच, मोहन तेच, हात त्याच माउलीचे. तरी पहिला घाणा खुसखुशीत होतो आणि तिसरा मऊ पडतो. काडतुसांचेही असेच घाणे असतात. एकाच कारखान्यात, एकाच नावाच्या डब्यात, एकाच किमतीला विकली जाणारी काडतुसे घाण्याघाण्याला वेगळी निघतात. मसाला कडेच्या घडीत सारखा पसरला नाही, कडेची जाडी केसभर बदलली, वंगण किंचित जास्त झाले, की वेग बदलतो. म्हणून डब्यावर घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. बर्मिंगहॅमच्या इली कंपनीच्या उंची काडतुसांच्या डब्यावर तर त्या घाण्याचा सरासरी वेगही छापतात.

वेग थोडा बदलला तर काय बिघडते? इथे थोडा हिशेब करू. गोळी नळीबाहेर पडते ती सेकंदाला सुमारे ३२७ मीटर वेगाने. पन्नास मीटर ओलांडायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण गुरुत्वाकर्षण तेवढ्यातही आपले काम करते आणि गोळी नळीच्या रेषेपासून बारा सेंटिमीटर खाली येते. ते येणारच, आणि माशी व खाच त्या मानाने आधीच लावलेली असतात. पण एक गोळी दहा मीटरने मंद निघाली, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली बसते. आणि ज्या वर्तुळाला दहा गुण मिळतात, त्याचा व्यास केवढा? १०.४ मिलिमीटर. सदऱ्याच्या बटणाएवढा! आज गुण दशांशात मोजतात, केंद्रापासून ०.८ मिलिमीटर सरकले की दशांश एक कमी. म्हणजे नेम अचूक, श्वास अचूक, चाप अचूक, तरी काडतूस मंद म्हणून जवळजवळ एक अख्खा गुण गेला.

मग काडतूस जास्त वेगाचे का घेऊ नये, असे कुणालाही वाटेल. पण आवाजाचा वेग वीस अंश उष्णतेला सेकंदाला ३४३ मीटर असतो. गोळी त्याच्या पुढे निघाली तर वाटेत मंदावून तिला ती सीमा परत ओलांडावी लागते, आणि त्या ओलांडण्यात हवेचे धक्के बसून ती डगमगते. म्हणून नेमबाजीचे काडतूस मुद्दाम त्या सीमेच्या आत ठेवतात. आमच्याकडे हिवाळ्यातल्या बारा अंशाच्या पहाटे आवाजाचा वेग ३३९ असतो आणि मे महिन्याच्या बेचाळीस अंशाच्या दुपारी ३५७. शिवाय तापलेल्या काडतुसातली दारू थोडी जोरात जळते. म्हणून डबा उन्हात ठेवणाऱ्या मुलांवर मी कवायतीच्या मैदानावर ओरडतो त्याहून जास्त ओरडतो.

आता नळी. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे असतात. गोळी त्यांत दबून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. .२२ च्या नळीत सोळा इंचांत एक फेरा, असे प्रमाण ठरून गेले आहे. म्हणजे ती गोळी सेकंदाला सुमारे आठशे फेरे घेते आणि निशाणापर्यंत जाईस्तोवर सव्वाशेच्या आसपास गिरक्या मारते. सोळाच का? वूलिचला शिकवणाऱ्या ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ साली एक साधे सूत्र काढले: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, दीडशेने गुणा, लांबीने भागा, एका फेऱ्याला किती अंतर हवे ते मिळते. आपली गोळी लांबीला साधारण बारा मिलिमीटर. हिशेब करून पाहा, चारशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. लांब आणि सडपातळ गोळीला मात्र घट्ट पीळ लागतो. तीनशे मीटरचे नेमबाज सहा मिलिमीटरची निमुळती गोळी वापरतात, तेव्हा आठ इंचांत एक फेरा देणारी नळी घेतात. त्यांना धक्का कमी आणि वारा कापण्याची ताकद जास्त मिळते, पण तप्त वायूमुळे ती नळी काही हजार बारांत कोठीपाशी खराब होते. छोट्या व्यासाच्या या मोहात सैन्येही सापडली. आपल्या लष्कराने ७.६२ ची जुनी रायफल सोडून १९९०च्या दशकात ५.५६ ची इन्सास घेतली, आणि २०१९ साली पुन्हा ७.६२ च्या रायफली अमेरिकेकडून मागवल्या. रणांगणाचे गणित वेगळे, तिथे सदऱ्याचे बटण फोडायचे नसते. तो वाद तज्ज्ञांनी घालावा.

लांबीविषयी लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की नळी जितकी लांब तितका मारा जोराचा. या काडतुसात दारूच मुळी एवढीशी, की चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरनंतर तिचा जोर सरतो. पुढची नळी गोळीला ढकलत नाही, उलट घर्षणाने रोखते. तरी सामन्याची नळी पुष्कळदा पासष्ट सेंटिमीटरच्या घरात असते, ती वजनासाठी आणि पुढची माशी लांब राहावी यासाठी. काही कारागीर आखूड नळीला पुढे पोकळ नळकांडे जोडतात. गोळी लवकर मोकळी होते आणि माशी जिथल्या तिथे राहते. मला ही युक्ती फार आवडते. गोळी नळीत असेपर्यंत नेमबाजाच्या खांद्याचे थरथरणे तिला जाऊन भिडते. ती जितकी लवकर सुटेल तितके बरे.

चांगली नळी ओळखायची कशी? जुने कारागीर शिशाची मऊ गोळी गजाने हळूहळू नळीतून ढकलतात. हाताला सारखी घट्ट लागली आणि तोंडाशी किंचित जास्त आवळली तर नळी उत्तम. मध्येच सैल पडली तर ती गोळी तिथे आपला ताल सोडणार. हे काम यंत्रापेक्षा बोटांना चांगले कळते. आणि .२२ ची नळी सहजी झिजत नाही. शिसे मऊ, दाब कमी. हजारो बार ती हसत पचवते. मसाल्यात काचेची बारीक पूड असते, तिने कोठीच्या पुढचा भाग खालच्या अंगाला हळूहळू खरवडतो, हे खरे. पण त्याला काळ लागतो. पुष्कळदा नळी झिजलेली नसते, कोठीपुढे जळक्या मसाल्याचे कडे जमलेले असते.

पण उत्तम नळी आणि उत्तम काडतूस एकमेकांना उत्तम असतीलच, असे नाही. हे आपल्याला नवे नको. मुलगा सोन्यासारखा, मुलगी लक्ष्मी, तरी पत्रिका जुळत नाही! इथे पत्रिका जुळवण्याची पद्धत अशी: रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, म्हणजे माणूस मधून गेला. मग एकेका घाण्याची काडतुसे पन्नास मीटरवर झाडायची आणि छिद्रांचा पुंजका मोजायचा. ज्या घाण्याचा पुंजका सर्वांत लहान, तो घाणाच्या घाणा विकत घ्यायचा. बर्मिंगहॅमला आणि जर्मनीत कारखान्यांतच याची सोय आहे. जगातले नामांकित नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातात. फिनलंडच्या लापुआ कंपनीची ही काडतुसे जर्मनीतच शोनेबेकला होतात. राधानगरी किंवा वसमतच्या मुलाने तिथे कसे जायचे, हा प्रश्न उरतोच.

राधानगरीचे नाव उगाच घेतले नाही. त्या तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच पन्नास मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला पदक मिळवले, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून काडतुसे घेतल्याची हकीगत तेव्हा सर्व वृत्तपत्रांत आली होती. लोकांनी ती वाचून डोळे पुसले; मी मात्र कर्ज कशासाठी काढले तो शब्द पुन्हा वाचला. बंदुकीसाठी नव्हे, काडतुसांसाठी. रोज शंभर बार आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तर पंचवीस हजार काडतुसे होतात. बंदूक एकदा घ्यायची असते, काडतूस रोज.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, तेव्हा त्यांचे गुण होते ६०० पैकी ५९७. साठ बारांत फक्त तीन गुण गेले! तिथे काडतुसाला लहर लागून कसे चालेल? आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कुसाळे पुढे असताना त्याचा एक बार ७.६ वर गेला आणि वैयक्तिक पदक हुकले. ७.६ म्हणजे केंद्रापासून सत्तावीस मिलिमीटर. एवढी चूक कुठलाही घाणा करत नाही. काडतूस मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे चोर. सेंटिमीटरचे दरोडे मनच घालते.

या खेळाची देशातली संघटना, राष्ट्रीय रायफल असोसिएशन, १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर होते, हे आमच्या मुलांना सांगितले की त्यांना नवल वाटते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरते. पुढे जाण्याची वाट तिच्यातून आहे.

तर वसमतकडच्या त्या मुलीने आपले जुने निशाणाचे कागद आणले होते. मी ते जेवणाच्या मेजावर पसरले. छिद्रे डावी-उजवीकडे फारशी गेलेली नव्हती. वर-खाली मात्र मण्यांची माळ टांगावी तशी उभी ओळ होती. नळी झिजली तर पुंजका चहूबाजूंनी सैल पडतो. उभी माळ म्हणजे एकतर श्वास चुकतो आहे, नाहीतर वेग कमी-जास्त होतो आहे. श्वास की काडतूस, हे कागदावरून सांगता येत नाही. त्याला शिकंजाच हवा.

तो पुण्याला मिळाला. एका जुन्या प्रशिक्षकांनी दिवसभर वेळ दिला. आधी त्यांनी नळी साफ केली आणि दस्त्याचे स्क्रू तपासले. एक सैल निघाला, तो मापाने आवळला. मग पाच घाणे झाडले. तीन महागड्या डब्यांचे, एक मधल्या किमतीचा आणि एक ती सरावाला वापरत होती तो. घाणा बदलला की आधीच्या वंगणाचा थर नळीत असतो, म्हणून पहिली दहा काडतुसे मोजायचीच नाहीत. नंतर दहा-दहांचे चार पुंजके. पाच बारांचा एखादा सुंदर पुंजका पाहून हुरळून जाणाऱ्यांना म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी आयुष्यभर टोकले होते, ते त्या दिवशी मलाही टोकत राहिले.

बाहेरच्या कडांपासून मापले, तर सरावाच्या काडतुसांचे पुंजके बावीस-तेवीस मिलिमीटर, आणि तेही उभेच. म्हणजे मुलीचा श्वास निर्दोष सुटला. महागड्यांपैकी दोन घाणे सतरा-अठराचे, तिसरा पंधराचा. आणि मधल्या किमतीचा चौदाचा, चारही वेळा. वडील इतका वेळ मागे खुर्चीवर बसले होते. ते उठून आले, कागद हातात घेतला आणि विचारले, “म्हणजे महाग ते भारी नाही?”

प्रशिक्षक म्हणाले, “या नळीला नाही. शेजारच्याची नळी हेच काडतूस थुंकून टाकेल.”

नळी बदलायची नाही, हे तिथेच ठरले. बदलायचीच असती तरी ती सोपी गोष्ट नव्हे; नळी हा कायद्याने हत्याराचाच भाग, तिला परवाना लागतो, आणि ती बसवायला परवान्याचाच कारागीर. कोठी केसभर खोल गेली तर नवी नळी जुनीहून वाईट. पाचही घाण्यांनी वीसच्या वर पुंजका दिला असता, तर मात्र मीच त्यांना नळीचे सुचवले असते.

त्याच क्रमांकाची, परवान्याच्या मर्यादेत बसतील तेवढी सगळी काडतुसे त्यांनी घेतली. सरावाला पूर्वीचीच स्वस्त वापरायची आणि ही स्पर्धेला व तिच्या आधीच्या आठवड्याला ठेवायची. मुलीने हिशेबाची वही केली आहे. तारीख, उष्णता, वारा, किती उडाली, किती उरली. काडतुसे घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कुलपात असतात. गेल्या महिन्यात ती भेटली तेव्हा सातशेच्या आसपास उरली होती, आणि त्या क्रमांकाचा घाणा आता बाजारात नाही. डिसेंबरात पुन्हा पुण्याला जायचे आहे, नवे सहा घाणे घेऊन. वडिलांनी त्यासाठी दहा क्विंटल हळद मागे ठेवली आहे. भाव चढेल असा त्यांचा अंदाज आहे.